रेझिस्टर का बिघडतात, कसे ओळखावेत आणि काय बदलावे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे टीव्ही, अँप्लिफायर, इंडक्शन शेगडी, इन्व्हर्टर किंवा एसएमपीएस (स्विच मोड पॉवर सप्लाय) यांच्या बोर्डावर स्वतः काम करणाऱ्यांसाठी लिहिली आहेत. वाचकाला मल्टिमीटर वापरता येतो, नीट डाग देता (सोल्डर करता) येतो आणि २३० व्होल्टच्या विजेविषयीची भीती त्याच्या मनात शाबूत आहे, एवढे गृहीत धरले आहे. भागासाठी ‘रेझिस्टर’ आणि त्याच्या ओहममधील मूल्यासाठी ‘रोध’ असे शब्द वापरले आहेत. दुकानात दोन्हींना ‘रेझिस्टन्स’ म्हणतात आणि बोलताना ते चालूनही जाते, परंतु लिहिताना घोळ होतो.

रेझिस्टर आपणहून किती वेळा बिघडतो?

फारच क्वचित. भागांच्या विश्वासार्हतेचा हिशेब ‘फिट’ या एककात करतात. एक अब्ज तासांच्या एकत्रित वापरात एक बिघाड, म्हणजे एक फिट. समजा एखाद्या बोर्डावर शंभर रेझिस्टर आहेत आणि प्रत्येकाचा दर एक फिट धरला, तर दहा वर्षे, म्हणजे सुमारे ८७,६०० तास अखंड चालूनही त्यांपैकी एखादा बिघडण्याची शक्यता एक टक्क्यापेक्षा कमी भरते. हा आकडा केवळ अंदाज यावा म्हणून घेतला आहे. खरा दर तापमान, भार आणि रेझिस्टरचा प्रकार यांप्रमाणे बदलतो. तरीही इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, रिले, कनेक्टर किंवा गरम चालणारा ट्रान्झिस्टर यांच्या तुलनेत रेझिस्टर हा बोर्डावरचा सर्वांत सोशिक रहिवासी आहे, यात शंका नाही.

दुरुस्तीला आलेल्या बोर्डांवर जळके रेझिस्टर एवढे दिसतात, त्याचे कारण वेगळे आहे. दुसरा भाग शॉर्ट झाला की त्याचा प्रवाह ज्या रेझिस्टरमधून जातो, तो काळा पडतो. म्हणून जळलेला रेझिस्टर हा पुष्कळदा गुन्हेगार नसून साक्षीदार असतो. रेझिस्टर स्वतः गुन्हेगार असतो तेव्हा तो बहुधा दिसायला अगदी स्वच्छ असतो, आणि त्याचा शोध घेण्यातच खरा वेळ जातो.

रेझिस्टर शॉर्ट होतो का?

व्यवहारात नाही, असेच धरून चालावे. रेझिस्टरमधील वाहक भाग म्हणजे एकतर बारीक तार किंवा चिनी मातीच्या दांडीवर बसवलेला अतिशय पातळ थर. तार तुटते, थर झिजतो, गंजतो किंवा त्याला तडा जातो. यांतील प्रत्येक घटनेत रोध वाढतो आणि शेवटी मार्ग पूर्ण तुटतो, म्हणजेच रेझिस्टर ‘ओपन’ होतो. जुना कार्बन कंपोझिशन रेझिस्टर मात्र अतिभाराने भाजला असता कधीकधी त्याचा रोध उतरतो. उरलेल्या ठिकाणी रोध कमी मोजला गेला, तर आधी रेझिस्टरच्या बाहेर पाहावे. त्याच्याखाली जळून कोळसा झालेला बोर्ड, दोन पायांमध्ये साचलेली ओलसर धूळ, झुरळांची विष्ठा किंवा काळवंडलेला गोंद यांतून प्रवाहाला वाट मिळालेली असते.

वेगवेगळ्या प्रकारांचे बिघाड वेगळे असतात का?

होय, आणि प्रकार ओळखता आला तर निदान निम्मे झालेच. जुन्या व्हॉल्व्ह रेडिओंतील तपकिरी, जाडसर कार्बन कंपोझिशन रेझिस्टर म्हणजे कार्बनची भुकटी व बंधक द्रव्य दाबून केलेली कांडी. ती हवेतील ओल शोषते, उष्णतेने हळूहळू बदलते आणि वर्षानुवर्षे तिचा रोध वाढत जातो. पुढे आलेल्या कार्बन फिल्म आणि मेटल फिल्म रेझिस्टरमध्ये दांडीवरच्या थराला मळसूत्रासारखी खाच पाडून हवा तो रोध मिळवतात. त्या सर्पिल पट्टीच्या अरुंद जागी अतिप्रवाहाने थर जळतो. मेटल फिल्मचा थर बहुधा निकेल व क्रोमियमच्या मिश्रधातूचा असतो. आवरणातून ओल आत शिरली आणि दोन टोकांत डीसी व्होल्टेज असले, तर विद्युत-रासायनिक क्रियेने तो थर चक्क खाल्ला जातो. येथे एक उलटा वाटणारा नियम लागू पडतो. ज्या रेझिस्टरवर भार नगण्य असतो तोच अशा गंजाला अधिक बळी पडतो, कारण ओल उडवून लावण्याइतका तो कधी तापतच नाही. जास्त मूल्याच्या रेझिस्टरचा थर मुळातच पातळ असल्याने त्याचा टिकाव आणखी कमी.

तार गुंडाळलेले, पांढऱ्या सिमेंटच्या विटेसारखे दिसणारे रेझिस्टर तार तुटून किंवा टोकाच्या टोपीचा सांधा सैल होऊन जातात. बाहेरून त्यांच्यावर ओरखडाही नसतो. बोर्डाच्या पृष्ठभागावरच डाग दिलेल्या, तारेचे पाय नसलेल्या चिप रेझिस्टरची कहाणी निराळी असल्याने ती पुढे स्वतंत्रपणे दिली आहे.

रेझिस्टर बोर्डावर असतानाच मोजला तर चालतो का?

चालतो, फक्त आकडा कसा वाचायचा ते ठाऊक हवे. मोजण्यापूर्वी प्लग काढून मोठा कपॅसिटर रिकामा करावा. त्यासाठी स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडण्याची जुनी खोड सोडून १० किलोओहम, ५ वॅटचा तारेचा रेझिस्टर चांगल्या इन्सुलेशनच्या दोन वायरींना डाग देऊन हाताशी ठेवावा. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर त्याने पाच सेकंदांत जवळजवळ रिकामा होतो. तरी शेवटी मीटरने व्होल्ट पाहूनच हात लावावा.

आता मूळ मुद्दा. बोर्डावरचा रेझिस्टर इतर भागांना समांतर जोडलेला असतो, आणि समांतर वाटांमुळे मोजलेला रोध कमीच होऊ शकतो, वाढू शकत नाही. म्हणून ४७० किलोओहमच्या रेझिस्टरवर मीटरने २.१ मेगाओहम दाखवले, तर पाय मोकळा न करताही तो रेझिस्टर किंवा त्याचा डाग खराब असल्याचे ठामपणे म्हणता येते. त्याच ठिकाणी १२ किलोओहम दिसले, तर त्यातून रेझिस्टरविषयी काहीच सिद्ध होत नाही. तेव्हा त्याचा एक पाय मोकळा करून पुन्हा मोजणे भाग आहे.

या नियमाला दोन पथ्ये आहेत. कपॅसिटरमध्ये थोडा जरी चार्ज शिल्लक असेल तर मीटरचा आकडा कोणत्याही दिशेला भरकटतो, म्हणून आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे. त्यानंतर प्रोब उलटे करून दुसऱ्यांदा मोजावे. डायोड किंवा ट्रान्झिस्टर मध्ये असेल तर दोन आकडे वेगळे येतात आणि त्यांतला मोठा आकडा खऱ्याच्या अधिक जवळ असतो. याशिवाय जास्त मूल्याचा रेझिस्टर हातात घेऊन मोजताना दोन्ही प्रोबच्या टोकांना बोटे लागू देऊ नयेत. आपल्या शरीराचा रोधही त्याला समांतर जोडला जातो, आणि पावसाळ्यात घामट हातांनी १० मेगाओहमचा चांगला रेझिस्टर हमखास ‘खराब’ ठरतो.

०.२२ ओहमसारखा छोटा रोध साध्या मीटरने का मोजता येत नाही?

कारण प्रोबच्या वायरींचाच रोध ०.२ ते ०.५ ओहम असतो. प्रोब एकमेकांना लावून आलेला आकडा वजा केला तर ‘ओपन नाही’ एवढे समजते, मूल्य समजत नाही. खात्री हवी असेल तर बेंच सप्लायमधून रेझिस्टरला बरोबर १ अँपिअर प्रवाह द्यावा आणि त्याच्या पायांच्या अगदी मुळाशी मिलिव्होल्ट मोजावेत. ०.२२ ओहमला २२० मिलिव्होल्ट यायला हवेत. अँप्लिफायरच्या एमिटर रेझिस्टरसाठी आणि इंडक्शन शेगडीतील जाड तारेच्या शंटसाठी, म्हणजे प्रवाह मोजणाऱ्या रेझिस्टरसाठी, ही पद्धत पुरेशी अचूक आहे. मात्र शंटचा रोध याहून कितीतरी कमी, काही मिलिओहमच असतो, हे आकडा वाचताना ध्यानात ठेवावे.

बोर्डावर काहीही जळलेले दिसत नाही, फ्यूज शाबूत आहे, मोठ्या कपॅसिटरवर ३२० व्होल्ट मिळतात, तरी सप्लाय सुरूच होत नाही. कोठे पाहावे?

अगदी पहिल्यांदा स्टार्ट-अप रेझिस्टरकडे. २३० व्होल्ट एसी रेक्टिफाय झाले की कपॅसिटरवर त्याच्या शिखरमूल्याइतके, म्हणजे सुमारे ३२५ व्होल्ट डीसी जमतात. नियंत्रक आयसीला जागे करण्यासाठी तेथून एक-दोन मिलिअँपिअर किंवा त्याहूनही कमी प्रवाह काहीशे किलोओहमच्या रेझिस्टरमधून दिला जातो. हा रेझिस्टर उपकरण प्लगला लावलेले असेपर्यंत अहोरात्र उच्च व्होल्टेज सोसतो आणि काही वर्षांत त्याचा रोध वाढतो किंवा तो पूर्ण ओपन होतो. अंगावरचे रंगीत पट्टे मात्र नव्यासारखे चकचकीत राहतात. या रेझिस्टरचा एक ठरलेला लक्षणक्रम आहे. आधी उपकरण सकाळी एकदा सुरू झाले की दिवसभर चालते, मग दोन-तीनदा प्लग काढून लावल्यावर चालते, आणि एके दिवशी अजिबात चालत नाही. ग्राहकाने ‘थोडा वेळ लागायचा, मग चालायचा’ असे सांगितले की निम्मे निदान त्यानेच केलेले असते.

येथे वॅटपेक्षा व्होल्ट महत्त्वाचे ठरतात, आणि याकडे चांगले कारागीरही दुर्लक्ष करतात. प्रत्येक रेझिस्टरला सतत सोसता येईल अशा कमाल व्होल्टेजची मर्यादा असते. पाव वॅटच्या नेहमीच्या कार्बन फिल्मला ती साधारणतः २५० व्होल्ट, अर्ध्या वॅटला साधारणतः ३५० व्होल्ट, १२०६ मापाच्या चिपला २०० व्होल्ट आणि ०८०५ ला १५० व्होल्ट असते. ३३० किलोओहमवर ३२५ व्होल्ट पडले तर शक्ती जेमतेम ०.३२ वॅट होते, म्हणून अर्धा वॅट पुरेसा वाटतो. परंतु पुरवठा २५३ व्होल्टपर्यंत चढला की तेच डीसी ३५८ व्होल्ट होते आणि मर्यादा ओलांडली जाते. अशा जागी १५० किलोओहम, अर्ध्या वॅटचे दोन रेझिस्टर एकापुढे एक जोडावेत. प्रत्येकावर निम्मे व्होल्टेज येते आणि ती तक्रार सहसा परत येत नाही. निर्मात्याने एकाच्या जागी तीन चिप रेझिस्टर रांगेत बसवले असतील, तर ती उधळपट्टी समजून मध्ये वायर टाकू नये.

इंडक्शन शेगडीत मेन्सचे व्होल्टेज मोजणाऱ्या साखळीतही हेच घडते. त्यातला एक रेझिस्टर चढला की मायक्रोकंट्रोलरला व्होल्टेज कमी आल्यासारखे वाटते, शेगडी त्रुटीचा कोड दाखवून बंद पडते, आणि महागडा आयजीबीटी, म्हणजे शेगडीचा मुख्य पॉवर ट्रान्झिस्टर, विनाकारण बदलला जातो. याच कुळातील तिसरा रेझिस्टर म्हणजे मेन्सच्या दोन वायरींमध्ये जोडलेल्या एक्स कपॅसिटरला समांतर असलेला, त्याचा चार्ज उतरवणारा. तो ओपन झाल्यावर उपकरण उत्तम चालते, मात्र भिंतीतून काढलेल्या प्लगच्या पिनांना हात लागला की झटका बसतो. तो रेझिस्टर मोजण्याची सवय लावून घ्यावी. ग्राहक त्याची तक्रार घेऊन क्वचितच येतो.

जळलेला रेझिस्टर बदलला, सुरू करताच नवाही जळला. असे का?

चोर सोडून संन्याशाला फाशी दिली म्हणून. जळलेल्या रेझिस्टरच्या दोन टोकांपैकी जे टोक भाराकडे जाते, तेथून ग्राउंडपर्यंतचा रोध मोजावा. तो शून्याजवळ असेल तर रेझिस्टर मारणारा अजून जिवंत आहे. अँप्लिफायरमध्ये आउटपुट ट्रान्झिस्टर कलेक्टर-एमिटर शॉर्ट झाला की एमिटर रेझिस्टर जातो. त्याच्यासोबत जोडीचा ट्रान्झिस्टर, ड्रायव्हर आणि बायसचा भाग तपासल्याशिवाय सप्लाय देणे म्हणजे नव्या ट्रान्झिस्टरांचे पैसे पाण्यात घालणे. एसएमपीएसमध्ये मॉसफेटच्या (स्विचचे काम करणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या) सोर्समधला कमी मूल्याचा रेझिस्टर उडाला असेल, तर मॉसफेट, गेटचा रेझिस्टर आणि बहुधा नियंत्रक आयसीही गेलेली असते.

पहिल्यांदा वीज देताना ६० किंवा १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा बल्ब सिरीजमध्ये लावावा. क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. पूर्ण तेजाने पेटून राहिला, तर प्लग काढून पुन्हा मीटर हातात घ्यावा. एलईडी बल्ब या कामाला निरुपयोगी आहे.

पट्टे जळून गेले आहेत. मूळ मूल्य कसे ओळखावे?

सर्किटचा नकाशा मिळाला तर प्रश्नच मिटतो. स्टिरिओ अँप्लिफायर असेल तर दुसऱ्या चॅनलमधला जोडीदार पाहावा. थर एकाच जागी तुटला असेल, तर आवरण अलगद खरवडून एका टोकापासून तुटीपर्यंत आणि दुसऱ्या टोकापासून तुटीपर्यंत असे दोन रोध मोजावेत. त्यांची बेरीज मूळ मूल्याच्या जवळ येते, आणि त्यापुढचे प्रमाणित मूल्य निवडावे. रंगांवर मात्र फार विसंबू नये. तापलेला लाल पट्टा तपकिरी दिसतो, नारिंगी लाल वाटतो, आणि एका पट्ट्याच्या चुकीने मूल्य दहापटीने बदलते.

वॅट जास्त घेतला तर चालतो का?

जागा असेल तर बहुतेक ठिकाणी चालतो. साध्या फिल्म रेझिस्टरवर छापलेला वॅट भोवतालचे तापमान ७० अंश सेल्सिअस असेपर्यंतच खरा असतो. पुढे क्षमता उतरत जाते आणि १५५ अंशांना शून्य होते. बंद डब्यात, हीट सिंकशेजारी बसलेल्या रेझिस्टरला छापील आकड्याच्या निम्म्याहून अधिक भार देऊ नये, ही जुनी रीत योग्यच आहे. गरम चालणारा रेझिस्टर बोर्डापासून पाच-दहा मिलिमीटर उंच बसवावा, अन्यथा तो स्वतः टिकेल पण खालचा बोर्ड कोळसा होईल. असा काळा भाग वीज वाहतो, म्हणून तो पांढरी कड दिसेपर्यंत खरवडून काढावा लागतो.

दोन ठिकाणी मात्र मोठा वॅट घेणे चुकीचे आहे. पहिले, उच्च वारंवारतेच्या मार्गात फिल्मच्या जागी तारेचा रेझिस्टर बसवणे, कारण त्या वेटोळ्याला इंडक्टन्स असतो. दुसरे ठिकाण पुढच्या उत्तरात आले आहे.

फ्युजिबल रेझिस्टर म्हणजे काय? त्याऐवजी साधा का लावू नये?

मेन्सच्या तोंडाशी किंवा सप्लायच्या एखाद्या शाखेत बसवलेला हा कमी मूल्याचा रेझिस्टर अतिप्रवाह झाल्यास ज्वाळा न उठवता तुटावा, अशाच बेताने बनवलेला असतो. तुटणे हेच त्याचे काम. त्याच्या जागी साधा कार्बन फिल्म किंवा अधिक वॅटचा रेझिस्टर लावला, तर पुढच्या शॉर्टच्या वेळी तो पेट घेईल किंवा स्वतः टिकून पुढचे सर्व जाळील. नकाशावर या रेझिस्टरजवळ सुरक्षिततेचे चिन्ह, बहुधा त्रिकोणातील उद्गारचिन्ह, असते. तेच मूल्य, तोच वॅट आणि तोच प्रकार मिळेपर्यंत उपकरण थांबवून ठेवावे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत विचारताना नुसते ‘१० ओहम, एक वॅट’ न म्हणता ‘फ्युजिबल’ हा शब्द आवर्जून उच्चारावा.

चिप रेझिस्टर कोणतेही कारण नसताना ओपन का होतात?

कारण असते, पण ते हवेत असते. जाड थराच्या चिप रेझिस्टरमध्ये रोध देणारा थर रुथेनियम ऑक्साइडचा, तर त्याच्या टोकांचा आतील संपर्क चांदीचा असतो. वरचे संरक्षक आवरण आणि टोकाचा मुलामा जेथे भेटतात, त्या फटीतून हायड्रोजन सल्फाइडसारखा गंधकयुक्त वायू आत शिरतो आणि चांदीचे काळे सिल्व्हर सल्फाइड बनते. चांदी संपत गेली की रोध वाढतो आणि शेवटी मार्ग तुटतो. उघडे नाले, सांडपाण्याचे पंप, खाडीचा कुजका चिखल यांच्या आसपास हा त्रास संभवतो. गंधक घालून पक्के केलेले रबराचे भाग बंद डब्यात बोर्डाशेजारी असतील, तर तेवढेही पुरते. घरातील चांदीची किंवा तांब्याची भांडी लवकर काळी पडतात का, हा प्रश्न ग्राहकाला विचारण्यासारखा आहे.

दहापट भिंगाखाली टोकाच्या कडेला काळा ठिपका किंवा केसासारखी वाढ दिसते. अशा बोर्डावर सापडलेला एकच रेझिस्टर बदलून समाधान मानू नये. त्याच भागातले, विशेषतः जास्त हवा लागणारे सर्व रेझिस्टर मोजावेत आणि शक्य असल्यास गंधकरोधी जातीचे बसवावेत. वरून सिलिकोनचा लेप देण्याचा मोह टाळावा, कारण गंधकयुक्त वायू सिलिकोनमधून सहज पार होतो.

वायूखेरीज दुसरे कारण म्हणजे तडा. मोठ्या मापाच्या चिप बोर्ड वाकल्याने किंवा रोजच्या तापण्या-गार होण्याने टोकाच्या डागापाशी तुटतात. लाकडी टूथपिकने हलके दाबताच उपकरण सुरू झाले, तर हेच समजावे.

पिवळा-तपकिरी गोंद काढून टाकावा का?

पिवळा असताना तो निरुपद्रवी असतो. मोठे कपॅसिटर हलू नयेत म्हणून कारखान्यात तो लावतात. तापून तपकिरी-काळा झालेला काही जातींचा गोंद मात्र किंचित वीज वाहू लागतो आणि धातूचे पायही खातो, त्यामुळे त्यात बुडालेले रेझिस्टर पायाशी हिरवट पडून तुटतात. असा गोंद लाकडी किंवा प्लास्टिकच्या पात्याने खरवडावा, जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी आणि खालचे प्रत्येक रेझिस्टर मोजावे. कोकणातून आलेल्या बोर्डांवर याच्या जोडीला मिठाची ओलही असते. तेथे धुऊन, पूर्ण वाळवून मगच निदानाला बसावे.

जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतले सर्व रेझिस्टर सरसकट बदलावेत का?

माझे मत ‘नाही’ असे आहे. एकेक मोजावा आणि छापील मूल्यापेक्षा वीस टक्क्यांहून अधिक चढलेलेच बदलावेत. अ‍ॅनोड आणि स्क्रीन यांना पुरवठा करणारे १०० ते ४७० किलोओहमचे रेझिस्टर बहुधा या यादीत येतात. बाकीचे दहा-बारा टक्के चढलेले असले तरी व्हॉल्व्हला त्याचे काही वाटत नाही. सगळे उपटून नवे लावण्याच्या उत्साहात सुटलेल्या तांब्याच्या पट्ट्या, तुटलेले टॅग आणि चुकीच्या जागी गेलेल्या वायरी मी अधिक पाहिल्या आहेत. चांगल्या चाललेल्या कार्बन कंपोझिशन रेझिस्टरला डागाची उष्णता दिली तर तीनेही त्याचे मूल्य कायमचे सरकू शकते.

नेमके मूल्य मिळत नाही. जवळचे चालेल का?

ट्रान्झिस्टरच्या बेसला किंवा एलईडीला प्रवाह देणाऱ्या जागी पाच-दहा टक्क्यांचा फरक सहसा चालतो. सप्लायचे आउटपुट ठरवणाऱ्या विभाजकात, बॅटरी चार्जिंगच्या मर्यादेत आणि प्रवाह मोजणाऱ्या शंटच्या जागी अजिबात चालत नाही. तेथे एक टक्क्याचा मेटल फिल्मच हवा. मूल्य जुळवताना दोन रेझिस्टर सिरीजमध्ये किंवा समांतर जोडता येतात. १० किलोओहमचे दोन समांतर जोडल्यास ५ किलोओहम मिळतात आणि वॅटही दुप्पट होतो. मूल्ये असमान असतील तर समांतर जोडीत छोट्या मूल्याचा आणि सिरीजमध्ये मोठ्या मूल्याचा रेझिस्टर अधिक तापतो, म्हणून प्रत्येकाचा वॅट वेगळा काढून पाहावा.